आपली हजेरी पूर्ण, पोरांची अर्धी



गेल्या जूनमधली गोष्ट. इथे टौरंगात जून म्हणजे ऐन थंडी, सकाळी पावणेसातला नीट उजाडलेलंही नसतं. साइट ऑफिसच्या कंटेनरबाहेर टूलबॉक्स मीटिंगसाठी माणसं जमत होती. सळईच्या गँगमधला आपला एक माणूस, नाशिककडचा, बाजूला येऊन हळूच म्हणाला, "दादा, आज दहापर्यंत घरी जाऊन येऊ का? धाकट्याला ताप आहे. हिची रात्रपाळी होती, आत्ताच आलीय पॅकहाऊसवरनं."

त्या दिवशी स्लॅब होता. काँक्रीटचा पंप साडेसातला लागणार होता. मी म्हणालो, "आज नको रे, उद्या बघू." तो 'बरं' म्हणाला, हातमोजे चढवले आणि कामाला लागला.

सत्र संपता संपता तोच शाळेचं पत्र घेऊन आला. इंग्रजी आहे, जरा वाचून सांगा म्हणाला. पत्र धाकट्याबद्दल नव्हतं, थोरल्या मुलीबद्दल होतं. बारा वर्षांची पोरगी, एका सत्रात सोळा दिवस गैरहजर. आई रात्रपाळी करून झोपली की आजारी भावाकडे, कधी त्याच्या डब्याकडे, कधी घरी येणाऱ्या प्लंबरकडे बघायला तीच घरी थांबत होती. त्या सोळा दिवसांतला एक दिवस मी दिलेला होता. स्लॅबचा.

म्हणून हे लिहितोय. आपल्यात एक ठाम समजूत आहे की शाळा बुडवणं हा दुसऱ्यांच्या पोरांचा प्रश्न आहे. मॉलमध्ये दुपारी हिंडणारी पोरं दिसली की आपण मान हलवतो. आपली मुलं कशी शहाणी, अभ्यासू. पण शाळेच्या रजिस्टरला पोरगं हुशार आहे की नाही हे कळत नाही. आलं की नाही एवढंच कळतं.

आधी इथला हिशेब सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. न्यूझीलंडमध्ये वर्षाला चार सत्रं, प्रत्येक साधारण दहा आठवड्यांचं. म्हणजे सत्रात सुमारे पन्नास दिवस. नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त हजेरी असेल तरच मुलाला 'नियमित' धरतात. पाच दिवस गेले की त्या सत्रापुरतं मूल नियमित राहत नाही. सत्तर टक्के किंवा त्याहून कमी हजेरी म्हणजे सततची गैरहजेरी, इंग्रजीत 'क्रॉनिक'. आपल्या सळईवाल्याच्या मुलीचे पन्नासातले सोळा दिवस गेले, हजेरी अडुसष्ट टक्के. घर सांभाळणारी, कुणाला उलटून न बोलणारी पोरगी सरकारच्या तक्त्यात त्या शेवटच्या रकान्यात गेली.

त्या रकान्यात ती एकटी नाही. कोविडनंतर २०२२ च्या दुसऱ्या सत्रात देशभरात फक्त ३९.९ टक्के मुलं नियमित होती. २०२४ च्या दुसऱ्या सत्रात हा आकडा ५३.२ टक्क्यांवर आला. २०३० पर्यंत ८० टक्के मुलं नियमित करायची असं सरकारचं लक्ष्य आहे. शाळांची तपासणी करणाऱ्या एज्युकेशन रिव्ह्यू ऑफिसने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सतत गैरहजर असलेली मुलं ८० हजारांच्या वर आहेत, म्हणजे दर दहांत एक, आणि २०१५ पासून हे प्रमाण दुप्पट झालंय. याच ऑफिसने २०२२ मध्ये पालकांना विचारलं होतं. ४१ टक्के पालकांना मुलाचा सत्रातला एक आठवडा किंवा जास्त बुडला तरी चालत होतं. तेव्हा ही काही फक्त आपली खोड नाही. पण आपली कारणं वेगळी आहेत, आणि ती आपल्यालाच माहीत आहेत.

पहिलं कारण गावची वारी. यात मी स्वतः दोषी आहे, आधी माझंच सांगतो. मेहुण्याचं लग्न मे महिन्यात. मे म्हणजे आपल्याकडे सुट्टी, इथे ऐन दुसरं सत्र. मी सात वर्षांच्या मुलीला घेऊन पाच आठवडे गेलो. शाळेला 'कौटुंबिक कारण' असं कळवलं आणि वाटलं, झालं, रजा मंजूर. तसं नसतं. सत्र चालू असताना सहलीला किंवा देशात नेलं तर शाळा रजिस्टरमध्ये 'जी' असा वेगळा कोड टाकते. कळवलं म्हणून ती रजा 'योग्य कारणाची' धरली जात नाही. पंचवीस दिवस गेले, म्हणजे अर्धं सत्र. इथे पहिली काही वर्षं वाचन, लेखन आणि गणित यांना रोज सरासरी एकेक तास द्यायचा असा नियम २०२४ पासून आहे. म्हणजे माझ्या मुलीचे प्रत्येकी पंचवीस तास गेले. पण त्या तासांपेक्षा पुढे जे झालं ते वाईट होतं. परत आली तेव्हा वाचनाचे गट बदललेले, तिची मैत्रीण दुसऱ्या गटात. सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरकडे नेलं, पोटात काही नव्हतं. जवळजवळ तीन आठवडे रोज सकाळी रडारड, आणि त्यातले चार दिवस आम्हीच 'जाऊ दे आज' म्हणून सोडून दिले. ओतकाम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे केलं तर तिथे कोल्ड जॉइंट राहतो हे मी रोज पोरांना सांगतो. घरी मात्र सुचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचंच नाही का गावाला? आजी-आजोबा कधी बघायचे? जायचं. मी तर म्हणतो, वर्षाआड तरी जावंच. प्रश्न कधी जायचं याचा आहे. इथली मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, जवळजवळ सहा आठवडे. आणि बांधकामाचं शटडाऊनही त्याच वेळी असतं. आपल्याला सक्तीची रजा, पोरांना सुट्टी, मार्गशीर्षात लग्नाचे मुहूर्तही असतात. तरी आपण मेमध्ये नाहीतर गणपतीत जातो, कारण डिसेंबरचं तिकीट महाग. चौघांच्या कुटुंबाला हा फरक खरंच जड जातो, मी काही शहाणपणा शिकवत नाही. पण फरक किती डॉलरचा आणि पोराचे दिवस किती, हे एकदा कागदावर मांडून बघा. आपण फक्त पहिलाच आकडा मांडतो. शिवाय सत्रांच्या मध्ये दोन-दोन आठवड्यांच्या सुट्ट्या आहेत, एप्रिलमध्ये, जुलैमध्ये आणि सप्टेंबरअखेरीला. २०२५ मध्ये नवरात्र अख्खं त्या सप्टेंबरच्या सुट्टीत बसलं होतं. कॅलेंडर आधी बघितलं तर असं काहीतरी सापडतं.

आणि अगदी जावंच लागलं, कुणी आजारी आहे, कुणी गेलं, तर शाळेला परतीच्या तारखेसकट लेखी कळवून जा. सलग वीस शाळेचे दिवस मूल आलं नाही आणि ते परत येणार असल्याचं शाळेला माहीत नसेल तर त्याचं नाव पटावरून काढतात. मुलं स्टुडंट व्हिसावर असतील तर शाळेत हजर राहणं ही व्हिसाची अटही असते. हे विसरू नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ. नवरा साडेसहाला साइटला निघतो. बायको किवीफ्रूटच्या हंगामात, मार्चपासून पुढे, पॅकहाऊसला रात्रपाळी करते आणि थकून येते. शाळा नऊच्या सुमाराला भरते. त्या दोन तासांत पोरांना उठवायचं, डबा भरायचा, पावसात बसपर्यंत सोडायचं कुणी? टे पुके आणि पापामोआत अशी घरं मी कितीतरी बघितलीत. पोरगं 'बरं वाटत नाही' म्हणालं की आई डोळे न उघडता 'झोप मग' म्हणते. तिला दोष देववत नाही. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला देखरेखीशिवाय घरी सोडणं हा इथे गुन्हा आहे, दोन हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मग थोरल्या भावंडालाही घरी बसवतात. ते बारा-तेरा वर्षांचं असेल तर तोही उपाय नीट कायद्यात बसत नाही, आणि एकाऐवजी दोघांची गैरहजेरी लागते.

आपण कामावर का बोलत नाही? कारण व्हिसा मालकाच्या नावाला बांधलेला. १० मार्च २०२५ ला सरकारने वर्क व्हिसावर कुटुंब आणण्यासाठी लागणारी कमाई वर्षाला ५५,८४४ डॉलर केली. माणूस मोठ्या मुश्किलीने तिथवर पोचतो, मग सुपरवायझरपुढे तोंड उघडायला घाबरतो. मी त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसलोय, म्हणून सांगतो. बऱ्याचदा समोरच्यालाही कायदा आठवत नसतो. तुम्ही आठवण करून द्यायची असते.

सहा महिने नोकरी झाली की वर्षाला दहा दिवस पगारी आजारी रजा मिळते, आणि ती फक्त तुमच्या आजारपणासाठी नाही. तुमच्यावर अवलंबून असलेलं मूल आजारी असेल तरी ती वापरता येते. त्या दिवशी माझ्यापुढे उभा असलेला माणूस मेहेरबानी मागत नव्हता, हक्काची रजा मागत होता. मला हे माहीत होतं. स्लॅबच्या गडबडीत मी ते विसरलो, आणि त्याला माहीत नव्हतं म्हणून त्याने आठवण दिली नाही. सलग तीन दिवसांपेक्षा कमी आजारपण असेल आणि मालकाने डॉक्टरचा दाखला मागितला, तर त्याचा खर्च मालकाने द्यायचा असतो. हेही लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे कामाच्या वेळा बदलून मागणं. कुठलाही कामगार, अगदी पहिल्या दिवसापासून, लेखी अर्ज करू शकतो की मला आठवड्यातले अमुक दिवस सव्वानऊला सुरुवात करू द्या, संध्याकाळी भरून देतो. मालकाला एका महिन्यात लेखी उत्तर द्यावं लागतं. 'नाही' म्हणू शकतो, पण कारण द्यावं लागतं. नुसतं हसून उडवून लावता येत नाही. वाद झाला तर एम्प्लॉयमेंट न्यूझीलंडचा नंबर ०८०० २० ९० २० आहे, फोन फुकट. वर्क व्हिसावाल्याला आणि इथल्या नागरिकाला हे हक्क सारखेच आहेत.

तिसरं कारण थोडक्यात. पोरांना इंग्रजी येतं म्हणून आपण त्यांना दवाखान्यात, बँकेत, सरकारी ऑफिसात बोलायला नेतो, शाळा बुडवून. सरकारी हॉस्पिटलात दुभाष्या मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. मराठी नाही मिळाला तर हिंदी मागा. आईच्या पोटाच्या तक्रारी दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरला सांगाव्यात हे तसंही बरं दिसत नाही.

हे सगळं परदेशात येऊन झालं असंही नाही. बीडकडचे कोणी वाचत असतील तर त्यांना सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या अंगमेहनतीने फेडायची. पोरं बैलगाडीत, नाहीतर ट्रकवर. कारखान्याच्या पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, शाळेचं दुसरं सत्र अख्खं फडात जातं. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते. आमच्या सळईवाल्याच्या मुलीबद्दलचं पत्र वाचताना मला हीच पोरगी आठवली. तिथे उचल, इथे व्हिसा आणि गावचं कर्ज. नवरा-बायको दोघांनी राबल्याशिवाय हिशेब बसत नाही आणि मधला खड्डा थोरली लेक भरते.

पण तिकडे लोकांनी उपायही शोधले. कारखान्याच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पोरं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलं जिथे होती तिथे शाळा नेली. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात माझी पहिली साइट होती, तिथे पत्र्याच्या एका खोलीत डोअर स्टेप स्कूलचा वर्ग भरायचा. ही संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू झाली, नंतर पुण्यातल्या बांधकामांवर पोचली. तेव्हा मला तो वर्ग म्हणजे साइटवरची एक अडचण वाटायची, खरं सांगतो. त्या खोलीत मला सिमेंट ठेवायचं होतं. शटरिंगची गँग हलली की तिच्याबरोबर वर्गातली अर्धी पोरंही हलायची आणि बाई पटावरची नावं घेऊन पुढच्या साइटवर चौकशी करायच्या. त्या बाईंचं काम माझ्यापेक्षा अवघड होतं हे कळायला मला स्वतःची मुलगी शाळेत जावी लागली.

इथलं सरकार सध्या दंडाची भाषा जोरात करतंय. सहयोगी शिक्षणमंत्री डेव्हिड सिमोर यांचा भर पालकांवर खटले भरण्यावरही आहे. २०२६ पासून प्रत्येक शाळेला हजेरीचा आराखडा ठेवावा लागतो. पाच दिवस बुडले की काय करायचं, दहा झाले की काय, पंधरा झाले की पुढे कुणाकडे पाठवायचं, अशा पायऱ्या आहेत. सहा ते सोळा वर्षांच्या मुलाला शाळेत न पाठवल्याबद्दल कायद्यात दिवसाला ३० डॉलरपर्यंत दंड आहे, पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३००, पुन्हा झालं तर ३,०००. मला विचाराल तर तीस डॉलर म्हणजे साइटवरची साधारण तासाभराची मजुरी. डिसेंबर आणि मे यांच्या तिकिटातला फरक याहून मोठा आहे. म्हणजे ज्याला ठरवून जायचंय त्याला हा दंड परवडतो, आणि जिची रात्रपाळी आहे त्या आईला या दंडाने सकाळी साडेसातला उठायचं बळ येत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच राजाने त्याआधी, १९०१ पासून, गावोगावच्या पोरांसाठी वसतिगृहं उघडायला सुरुवात केली होती, हे सांगायचं राहून जातं. दंडाच्या आधी सोय. इथे सोय म्हणजे काय? शाळेआधी मुलांना सांभाळणारी केंद्रं बऱ्याच ठिकाणी आहेत, पण पैसे पडतात. पॅकहाऊसने आणि आमच्यासारख्या बांधकाम कंपन्यांनी हंगामात पाळी ठरवताना घरी लहान मुलं आहेत का एवढं विचारलं तरी बराच फरक पडेल. नवरा-बायको एकाच वेळी बाहेर राहणार नाहीत अशा पाळ्या मागायला चार-पाच कुटुंबांनी मिळून जावं. एकट्याने मागितलं की ती तक्रार होते.

तुमच्यातले बरेच जण आखातात आहेत, एकटे, आणि मुलं गावी आजी-आजोबांकडे. तुम्हाला वाटेल हे आपल्याला लागू नाही. मला वाटतं तुम्हालाच जास्त लागू आहे. आजीला नातवाला 'नाही' म्हणता येत नाही. सोयाबीन काढायचंय, पाहुणे आलेत, गाय व्यायलीय, पोरगं घरी. तुम्ही रात्री फोनवर विचारता, "अभ्यास करतोस ना?" तो म्हणतो, "हो पप्पा." झालं. त्यापेक्षा विचारा, आज खिचडीत काय होतं, बाईंनी काय शिकवलं, शेजारी कोण बसलं होतं. शाळेत न गेलेल्या पोराला याचं उत्तर देता येत नाही. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांकडून हजेरीच्या पानाचा फोटो मागवा. आणि शिक्षण हक्क कायद्याने गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुमच्या घरातली बाई त्या समितीत बसू शकते. बसू द्या.

एक गोष्ट आपण गावाकडून डोक्यात घेऊन येतो ती म्हणजे मार्चमधली बोर्डाची परीक्षा. वर्षभर काही होवो, शेवटी क्लास लावून निभावतं. इथे अकरावी इयरपासून पुढे बरेचसे गुण वर्षभरात, वर्गातल्या कामावर मिळतात. जुलैमध्ये बुडलेलं नोव्हेंबरमध्ये पाठांतर करून भरून निघत नाही. हायस्कूलमधली पोरं असतील तर हे त्यांना विचारा, ती तुम्हाला नीट समजावतील.

सळईवाल्याचं काय झालं? त्याचा अर्ज मीच लिहिला, सही त्याची. सोमवार ते गुरुवार सव्वानऊला सुरुवात, स्लॅब असेल तो दिवस सोडून. कंपनीने महिन्याच्या आत 'हो' म्हटलं. गँगमधल्या दोघांनी कुरकुर केली, मग त्यातल्या एकानेच येऊन विचारलं, मलाही असं मिळेल का. साइट ऑफिसच्या दारावर आता कामाच्या वेळापत्रकाशेजारी शाळेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर लावलंय. रजेचे अर्ज त्याकडे बघून येतात. मुलीचं तिसरं सत्र बरं गेलं, पाचच दिवस बुडले. त्यातले दोन ती खरंच आजारी होती.

पुढचा स्लॅब बुधवारी आहे. त्या दिवशी पोरांना शाळेत कोण सोडणार ते त्याला कालच विचारलं. शेजारची साताऱ्याची वहिनी सोडणार आहे म्हणाला.